शरद ऋतूचं यमकातलं चित्रपुस्तक करताय? या चुका टाळा

तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी ऋतूंची पुस्तकं करायला घेतली की पावसाळा आणि उन्हाळा बहुतेकांना जमून जातो. घोटाळा होतो तो शरदात. पहिल्याच पानावर लाल-पिवळी पानं भुरुभुरु गळायला लागतात, दुसऱ्यावर मफलर गुंडाळलेली खार येते आणि कुठेतरी केशरी भोपळा दात काढून हसत असतो. चित्रं देखणी असतात, पण नाशिकच्या किंवा सावंतवाडीच्या मुलाने तो ऋतू खिडकीतून कधी पाहिलेलाच नसतो.

आपल्याकडे आश्विन-कार्तिकात झाडं हिरवीगार असतात. पानगळ शिशिराची. साग, पळस, सावर उघडे पडतात ते साधारण जानेवारीनंतर. शरदात दिसतो तो परतीचा पाऊस आणि त्याच्यामागून ऑक्टोबरचं चटका देणारं ऊन. गवतावर चतुरांचे थवे घिरट्या घालतात, भाताच्या लोंब्या पिवळ्या पडत जातात, बाजारात सीताफळं येतात. दिवाळीच्या तोंडावर किल्ल्यासाठी माती कालवली जाते, त्यावर हळीव पेरले जातात. गळणारं काही हवंच असेल, तर प्राजक्त आहे की! तो रात्री उमलतो आणि पहाटे जमिनीवर असतो. म्हणून भरदुपारी फुलांनी लगडलेला प्राजक्त काढू नका. आणि देठ केशरी रंगवा, ते मुलं बरोबर टिपतात.

न्यू जर्सी किंवा टोरांटोच्या मराठी मुलांसाठी लिहीत असाल, तर मेपलची पानं खुशाल येऊ द्या, तिथे ती खरी आहेत. मग जॅकेट घालून लावलेल्या पणत्याही येऊ द्यात. दोन्ही ठिकाणचं थोडं थोडं घेऊन केलेली खिचडी मात्र कुणाचीच होत नाही.

दसऱ्याच्या पानावर हमखास होणारी चूक म्हणजे आपट्याऐवजी कांचन. चित्रकाराला दोष देण्यात अर्थ नाही, बाजारातही कांचनाची पानं आपटा म्हणून विकली जातात. आपट्याचं पान लहान, जाडसर, लांबीपेक्षा रुंदीला जास्त. कांचनाचं मोठं आणि मऊ. एक खरं पान टेबलावर ठेवून चित्र काढायला सांगा, प्रश्न मिटला.

आता चंद्र. शरदाच्या पुस्तकात तो येणारच, आणि इथे तिथी तपासल्याशिवाय रंगाला हात लावू नये. दसऱ्याला दशमी, म्हणजे चंद्र अर्ध्याहून मोठा पण पूर्ण गोल नाही. कोजागरीला पौर्णिमा. हा चंद्र सूर्य मावळताना पूर्वेला उगवतो आणि मध्यरात्री डोक्यावर येतो. ‘मध्यरात्री दूध आटले’ अशी ओळ आणि शेजारी नारळाच्या बुंध्यामागून डोकावणारा चंद्र, हे जुळत नाही. लक्ष्मीपूजनाला अमावास्या असते. तरीही आकाशकंदिलाच्या शेजारी टपोरा चंद्र असलेली दिवाळीची चित्रं आपण वर्षानुवर्षं बघतो आहोत. भाऊबीजेला द्वितीया, तेव्हा सूर्यास्तानंतर थोडाच वेळ पश्चिमेला बारीकशी कोर. खरं तर एवढ्या एका चंद्रावर अख्खं पुस्तक उभं राहील: प्रत्येक सणाला तो वेगळा आणि दिवाळीला गायब. लिहिणाऱ्याला आयती गोष्ट मिळते.

यमकाकडे वळू. बालगीताची सर्वात मोठी फसवणूक क्रियापद करतं. मराठीत वाक्य क्रियापदावर संपतं, त्यामुळे येतो-जातो, आला-गेला अशी जोडी फुकट मिळते. ही दुक्कल बघा:

पहाटे गार वारा येतो
प्राजक्त खाली पडतो

जुळतो तो फक्त ‘तो’. शिवाय मात्रा मोजा. ऱ्हस्वाची एक, दीर्घाची दोन आणि जोडाक्षराआधीचं ऱ्हस्व अक्षर जड झालं तर त्याच्याही दोन. पहिली ओळ 16 मात्रांची आहे, दुसरी 13 वर संपते. मोठा माणूस शेवटचा ‘तो’ लांबवून भागवतो. मूल मात्र अडखळतं. हेच दृश्य 8-8 मात्रांच्या दोन तुकड्यांत बसवलं तर:

झाडाखाली शुभ्र पसारा
फुले सांडतो पहाटवारा

आता यमक नामांवर आलं आणि ‘आरा’ एवढा लांब आवाज जुळला. ओळीच्या सुरुवातीला आणि मधोमध टाळी वाजवून पाहा, दोन्ही ओळींत ती शब्दाच्या सुरुवातीवरच पडते. फुलं पांढरी आहेत हे चित्र सांगणारच आहे, म्हणून ‘शुभ्र’ काढून दुसरं काही घालायचं असेल तर घाला. मात्र तीन मात्रांचंच घाला.

जागा भरायला घातलेले ‘छान छान’, ‘हो ना’, ‘पहा किती’ कात्रीने उडवा. त्याहून वाईट म्हणजे मात्रेसाठी आणलेले ‘मज’, ‘तव’, ‘जाहले’. चार वर्षांच्या मुलाच्या घरात असं कुणी बोलत नाही. ‘फुले’ आणि ‘फुलं’ यांतलं एक काही तरी ठरवा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा.

कवीने स्वतः वाचलं की सगळं सुरेख वाटतं, दुसऱ्याने वाचलं की चाल मोडते? मग दोष वाचणाऱ्यात नाही. तुमच्या डोक्यातली चाल कागदावर उतरलेली नाही. उपाय सोपा आहे. मजकूर कुणाला तरी तयारीशिवाय मोठ्याने वाचायला द्या आणि आपण गप्प बसा. तो जिथे थबकला तिथे पेन्सिलीची खूण करा. त्याला ‘असं नाही, असं म्हण’ म्हणून सांगितलंत तर ती चाचणी वाया गेली.

ओळी उत्तम असूनही पुस्तक पडतं, याचं कारण बरेचदा पान उलटण्यात असतं. एका पानावर आख्खं कडवं, यमकासकट पूर्ण, पुढच्या पानावर नवं कडवं. मग मुलाने पान उलटावं कशाला? भोंडल्यात खिरापत ओळखताना झाकलेला डबा हलवून दाखवतात, ‘गोड की तिखट?’ विचारतात, तेवढी उत्सुकता पानाच्या कडेला हवी. यमकाची पहिली ओळ उजव्या पानावर ठेवा, दुसरी उलटल्यावर येऊ द्या. मूल शब्द आधीच ओरडून सांगतं, आणि चुकीचा सांगितला तर दुप्पट मजा. दर तीन-चार पानांनी एक धृपद परत आलं तर न वाचता येणारं मूलही वाचनात सामील होतं.

त्यासाठी कडवी आवरती घ्यावी लागतात. मधोमध पिन मारलेल्या पुस्तकाची पानं चारच्या पटीत असतात. 24 पानांचं पुस्तक धरलं, तर शीर्षक आणि श्रेयनामावली वगळून हातात जेमतेम दहा-अकरा जोडपानं उरतात. तीस कडवी लिहून आणणाऱ्यांनी आधी हा हिशोब करावा.

अक्षरजुळणीत दोनच गोष्टी बघा. ओळींमधलं अंतर कमी असलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत आणि रफारात घुसतो, आणि नुकतं अक्षर ओळखू लागलेलं मूल तिथेच सोडून देतं. दुसरं, फाँट निवडताना ‘ल’ आणि ‘श’ बालभारतीच्या पहिलीच्या पुस्तकाशी ताडून पाहा. संगणकावर आयते मिळणारे बरेच फाँट ही दोन अक्षरं हिंदी वळणाने काढतात. छपाईला देण्याआधी प्रत्यक्ष आकारात एक प्रत काढा. पडद्यावर मोठं करून पाहिलेलं पान यातलं काहीच दाखवत नाही.