स्वमग्न मुलाशी घरी खेळताना या चुका टाळा

स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांच्या घरी जाऊन पालकांना खेळातून थेरपी शिकवण्याचे काम मी करते, आणि पहिल्या भेटीत बहुतेक घरांत एकच दृश्य दिसते: मूल जमिनीवर आडवे होऊन गाडीचे चाक फिरवण्यात रमलेले असते आणि आईवडील वरून विचारत असतात, "रंग कोणता? चाकं किती? गाडी कशी वाजते?" ही तोंडी परीक्षा झाली, आणि रोज नापास व्हावे लागणाऱ्या परीक्षेकडे कोणतेही मूल पाठच फिरवणार. त्याच्या शेजारी आडवे व्हावे, दुसरे चाक आपण फिरवावे, "फिर फिर" एवढेच म्हणावे आणि गप्प राहावे. मी मनात दहापर्यंत आकडे मोजते. पालक तिसऱ्या आकड्यालाच पुढचा प्रश्न टाकतात. अशा वेळी तीन मिनिटांचे मोबाइलवर चित्रण करून स्वतःचे प्रश्न मोजायला सांगितले, की माझ्या उपदेशापेक्षा लवकर फरक पडतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गोवा आणि रावळपिंडी येथील स्वमग्न मुलांच्या पालकांसोबतच्या संशोधन-चाचणीतही असेच चित्रण पालकांसोबत बसून पाहिले जात असे. ६ महिन्यांतल्या १२ सत्रांचे ते काम तज्ज्ञांनी नव्हे, तर प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी केले, आणि पालक मुलाच्या कलाने प्रतिसाद देऊ लागले तशी मुलेही अधिक वेळा आपणहून संवाद सुरू करू लागली.

माझी दुसरी डोकेदुखी म्हणजे चॉकलेटचा डबा. एका घरी साडेतीन वर्षांच्या मुलाला "दे" शिकवण्यासाठी प्रत्येक उच्चारामागे एक गोळी मिळत असे. तीन आठवड्यांत तो "दे" म्हणू लागला खरा, पण फक्त डबा दिसल्यावर. चेंडू कपाटाखाली गेला की पूर्वीसारखाच रडे. मागितलेली गोष्टच बक्षीस म्हणून मिळावी आणि प्रामाणिक प्रयत्नालाही फळ मिळावे, ही रॉबर्ट आणि लिन कोगेल या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथे विकसित केलेल्या थेरपीच्या पद्धतीतली दोन सूत्रे. आम्ही डबा बंद केला. तुळशीला घातलेले पाणी पाहायला त्याला फार आवडे, म्हणून आजी तांब्या तिरका धरून थांबू लागल्या. पहिल्या दिवशी त्याने त्यांचा हात ढकलला, आणि आजींनी "ओत" म्हणत पाणी ओतले. सहाव्या दिवशी तो "ओ" म्हणाला. इथे घाई मीच केली: उद्यापासून पूर्ण "ओत" ऐकल्याशिवाय पाणी घालू नका, असे सांगून मी निघाले. पुढचे चार दिवस तो तुळशीकडे फिरकला नाही. आजींनी मला न विचारता पुन्हा "ओ"वर पाणी घालायला सुरुवात केली, आणि त्यांचेच बरोबर होते.

डोळ्यांत पाहण्याची सक्ती करू नये. आपणच त्याच्या उंचीवर समोर बसावे. खेळण्यांची अख्खी टोपली ओतू नये, दोन पुरेत. हात फडफडवण्याने कोणाला इजा होत नसेल, तर ते थांबवण्याच्या मागे लागू नये. मराठी घरात केवळ थेरपीपुरते इंग्रजी बोलू नये.

आठवड्याला ४० तास थेरपी हवीच, असा आकडा घेऊन येणाऱ्या पालकांशी मात्र माझा वाद होतो. तो आकडा अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ लोव्हास यांच्या १९८७ च्या अभ्यासातून आला, आणि तिथे प्रशिक्षित माणसे एकेका मुलाला शिकवत होती. घड्याळ लावून मुलाला टेबलाशी बसवून ठेवणे हे त्याचे ओबडधोबड अनुकरण आहे. अंघोळीचा मग, कणकेचा गोळा, चपलांचा जोड हे रोजचेच आहे. त्या प्रत्येकात, आजी तांब्या धरून थांबत तसे, मुलाने मागावे म्हणून दोन-तीन थांबे ठेवावेत. पंधरा दिवसांत बोलेल का, असे विचारणाऱ्यांना मी तारीख देत नाही. आज त्याने आपणहून काय मागितले आणि कसे, एवढे वहीत लिहून ठेवायला सांगते.