मुलांकडे अमेरिकेला निघालात? आधी पॉलिसीचं मागचं पान वाचा

माझी सगळी नोकरी विमा कंपनीच्या क्लेम विभागात झाली. आता नागपूरच्या धरमपेठेतले काका-काकू मुलांकडे निघाले, की प्रवास विम्याची पॉलिसी घेऊन माझ्याकडे येतात. सगळ्यांचं बोट पहिल्या पानावरच्या रकमेवर असतं. मी मात्र आधी ‘एक्सक्लुजन्स’चं, म्हणजे कशाचे पैसे मिळणार नाहीत ते सांगणारं पान काढायला लावते, कारण क्लेम तिथेच अडतो.

सगळ्यात मोठा प्रश्न बीपी-शुगरचा. “ताई, काहीच नाही, बीपीची अर्धी गोळी तेवढी घेऊन राहिलो,” असं म्हणतात अन् अर्जात ती गोळी लिहीत नाहीत. कृपा करून लिहा. तिकडे दवाखान्यात डॉक्टर विचारतात, तुम्ही खरं सांगता, ते केसपेपरवर चढतं, आणि क्लेम नाकारताना कंपनी तोच कागद पुढे करते. आधीपासूनचा आजार साध्या पॉलिसीत बहुधा धरतच नाहीत. काहींमध्ये जिवावर बेतलं तरच खर्च मिळतो, तोही मर्यादेत. ती मर्यादा किती, हे एजंटकडून तोंडी ऐकू नका, लेखी घ्या. प्रीमियम थोडा जास्त पडला तरी चालेल.

अचानक आलेला ताप, बर्फावर घसरून मोडलेलं हाड, अपेंडिक्स, हे साधारणपणे मिळतं. नेहमीची तपासणी, चष्मा, रोजच्या गोळ्या मिळत नाहीत, म्हणून गोळ्या पुरेशा आणि प्रिस्क्रिप्शनसकट न्या. दाताचं फक्त अचानक उठलेल्या कळेपुरतं. मद्य घेतल्यावर झालेला अपघात बाहेरच.

साठी ओलांडली असेल तर ‘सब-लिमिट आहे का?’ हे विचाराच. वर 1 लाख डॉलर लिहिलेले असतात आणि आत खोलीभाडं, आयसीयू, शस्त्रक्रिया अशी प्रत्येकाला वेगळी मर्यादा असते. डिडक्टिबलही पाहा: ते 100 डॉलर असेल, तर पहिले 100 डॉलर तुमच्या खिशातून. वाटेत युरोप बघणार असाल तर शेंगेन व्हिसासाठी किमान 30,000 युरोचं वैद्यकीय संरक्षण लागतं.

दोहामार्गे जाताना बॅग आली नाही, तर विमानतळ सोडण्याआधी एअरलाइनकडून पीआयआर, म्हणजे बॅग न आल्याचा लेखी रिपोर्ट घ्या. त्याशिवाय क्लेम उभा राहणं कठीण. रोकड आणि दागिने सहसा धरत नाहीत, ते बॅगेत टाकूच नका. पासपोर्ट हरवला तर पोलिसांचा रिपोर्ट हवा. व्हिसा नाकारला किंवा बेत बदलला, म्हणून तिकिटाचे पैसे बहुतेक पॉलिसींत मिळत नाहीत.

पॉलिसी नागपूर सोडण्याआधीच काढा आणि तिच्यावरचा मदतीचा नंबर मुलगा, सून, शेजारी सगळ्यांना द्या. दवाखान्यात भरती झालात की लगेच फोन लावायचा. उशीर झाला तर कॅशलेस, म्हणजे कंपनीने बिल थेट दवाखान्याला भरणं, बारगळतं.

एवढं करूनही क्लेम नाकारला, तर कोणत्या कलमाखाली, ते लेखी मागा आणि आधी कंपनीकडेच तक्रार करा. सोबत आयआरडीएआयच्या, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, बीमा भरोसा पोर्टलवर किंवा 155255 वर नोंद करता येते. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या विमा लोकपालाकडे जा. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही.