हापूसची पेटी थेट विकायची आहे? लोगोच्या आधी जुने चॅट वाचा

आंब्याचा सीझन संपत आला की मला फोन यायला लागतात. "पुढच्या वर्षी दलालाकडे माल नाही द्यायचा, थेट गिऱ्हाइकाला विकायचा. एक लोगो आणि वेबसाइट करून द्या." फोन करणारे बहुतेक देवगड-रत्नागिरीकडचे बागायतदार, नाहीतर मुंबई-पुण्यात नोकरी करणारी त्यांची मुलं. मी फ्रीलान्स डिझायनर. अशी कामं करताना जो क्रम हाताला बसला तो इथे मांडतोय. घरगुती मसाले किंवा दिवाळीचा फराळ विकणाऱ्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

आधी प्रश्न गोळा करा

रंग आणि अक्षर नंतर. पहिल्यांदा मी गेल्या सीझनचे व्हॉट्सअ‍ॅपवरचे संवाद मागून घेतो, गिऱ्हाइकांची नावं-नंबर झाकून. वहीत प्रश्न जसेच्या तसे उतरवतो. पेटीत किती डझन? फळ केवढं, 250 ग्रॅमचं की 300 चं? पिकलेला येणार की कच्चा? अक्षय्य तृतीयेच्या आत पुण्यात मिळेल का? साका निघाला तर?

ज्या क्रमाने हे प्रश्न येतात, त्याच क्रमाने वेबसाइटच्या पानावर उत्तरं हवीत. हे मी चूक करून शिकलो. सुरुवातीच्या एका कामात पूर्ण स्क्रीनभर बागेचा फोटो टाकला होता, खाली आजोबांनी लावलेल्या कलमांची गोष्ट, आणि भाव पार तळाला. पान देखणं झालं, पण बागेच्या मालक काकांचा फोन पूर्वीइतकाच वाजत राहिला. लोक वरचा नंबर दाबायचे आणि विचारायचे, "काय डझन?"

सगळ्यात अवघड प्रश्न साक्याचा. फळ बाहेरून सुरेख दिसतं आणि कापल्यावर आत पांढरट, स्पंजासारखा गर निघतो. बाहेरून ते ओळखता येत नाही, त्यात बागायतदाराची लबाडीही नसते. मग पानावर सरळ लिहा: 'साका निघाला तर कापलेल्या फळाचा फोटो पाठवा, तेवढ्या फळांचे पैसे परत.' माझ्या मते ब्रँडिंग हेच. पण असं वचन डिझायनरने परस्पर देऊ नये. मालकाला विचारा, त्यांना जेवढं झेपेल तेवढंच लिहा.

पेटीत टाकायचं छोटं कार्डही याच कामात धरा. हापूस घरी येतो तो बहुतेक वेळा हिरवट आणि टणक असतो, आणि लगेच मेसेज येतो, "कच्चे पाठवलेत!" फळं पेंढ्यात मोकळी ठेवा, पिकेपर्यंत फ्रिजमध्ये घालू नका, घमघमाट सुटला आणि देठाजवळ किंचित मऊ लागलं की कापा. एवढ्या ओळींनी तक्रारीचे बरेच फोन वाचतात.

नाव ठरवताना

'हापूस' हा शब्द कुणा एकाचा नाही. त्याला 2018 साली भौगोलिक मानांकन (जीआय), म्हणजे ठरावीक प्रदेशातल्या मालाच्या नावाची सरकारी नोंद, मिळालं, ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतल्या फळासाठी. बाग त्या पट्ट्यात आहे म्हणून जीआयचं चिन्ह आपोआप छापता येत नाही. बागायतदाराची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी असावी लागते. मी प्रमाणपत्र बघितल्याशिवाय ते चिन्ह डिझाइनमध्ये घेत नाही. नावात स्वतःचं काहीतरी हवं: वाडीचं नाव, बागेचं नाव. ट्रेडमार्कच्या सरकारी साइटवर ते आधी शोधून बघा. तिथे मालाच्या प्रकारानुसार वर्ग असतात: ताज्या फळांसाठी वर्ग 31, आमरसाच्या डब्यांसाठी 29.

लोगो नखाएवढा करून बघा

तुमचा लोगो लोक सर्वांत जास्त वेळा बघणार ते व्हॉट्सअ‍ॅपच्या डीपीत, म्हणजे गोलात आणि नखाएवढा. दुसरी जागा पुठ्ठ्याची पेटी, तीही एकरंगी छपाईत. या दोन ठिकाणी टिकला तरच पुढे जा. आंब्याची आकृती शक्यतो टाळा, बाजारातल्या निम्म्या पेट्यांवर तीच असते. नावाचं पहिलं अक्षर जोरकस काढलेलं जास्त लक्षात राहतं.

देवनागरीत काम करताना इंग्रजीच्या सवयी नडतात. अक्षरांत अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते आणि नाव विस्कटल्यासारखं दिसतं. ओळींमध्ये जास्त जागा सोडा, नाहीतर खालच्या ओळीच्या वेलांट्या वरच्या उकारांना भिडतात. 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे आहेत ना, तेही तपासा. राज्य शासनाने 2009 च्या निर्णयात ही वळणं ठरवून दिली आहेत, तरी अनेक फॉन्टमध्ये हिंदी वळणाची अक्षरं येतात. कोकणातल्या आजीला कारण सांगता येणार नाही, पण पाटी परकी वाटेल. 'टिरो देवनागरी मराठी' हा फॉन्ट मराठी वळणासाठीच आहे आणि फुकट मिळतो.

रंगाबद्दल एकच. पांढऱ्यावर आंबापिवळी अक्षरं नकोत. वाचनीयतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार साध्या मजकुराला अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजळपणात किमान 4.5:1 इतका फरक लागतो. हा पिवळा पांढऱ्यावर जेमतेम 1.8:1 भरतो. पिवळा मागे ठेवा, अक्षरं गडद तपकिरी करा.

ऑर्डरचं पान

हे कागदावर पेन्सिलीने काढा. सुरुवातीलाच पिनकोड विचारा. नाशवंत माल सगळीकडे पोचत नाही, आणि पत्ता वगैरे भरून झाल्यावर 'तुमच्याकडे सेवा नाही' म्हणणं म्हणजे जेवायला बसवून पान उचलणं. भाव पोचवण्याच्या खर्चासह सांगा. पेटीचा फोटो शेजारी हात ठेवून काढा, म्हणजे फळ केवढं ते कळतं. फोटो हलके करा. पानावरची मुख्य गोष्ट अडीच सेकंदांच्या आत दिसावी, असा गूगलचा निकष आहे.

मग पाच माणसं गाठा. वेबसाइट वापरायला किती सोपी आहे याचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी 2000 सालीच लिहिलं होतं की पाच जणांच्या चाचणीत बहुतेक अडचणी सापडतात. "कसं वाटतंय?" असं विचारू नका, सगळे "छान" म्हणतात. काम सांगा: "तुमच्या ठाण्याच्या बहिणीला दोन डझन पाठवा." आणि गप्प बसा. गप्प बसणं फार जड जातं. याच चाचणीत एकदा मला कळलं की पैसे भरणारा आणि आंबे घेणारा वेगळा असतो, आणि आमच्या फॉर्मात दुसऱ्या फोन नंबरला जागाच नव्हती. कुरियरवाला पैसे भरणाऱ्या पुण्यातल्या मावशींना फोन करून ठाण्याचा पत्ता विचारत बसला असता. 'कार्टमध्ये टाका' हे बटणही त्याच दिवशी बदलून 'पेटी घ्या' केलं.

करार

डिझायनरला निम्मे पैसे आधी, दुरुस्तीच्या फेऱ्या किती ते लेखी. डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, बागायतदाराच्याच नावावर आणि त्यांच्याच ईमेलवर घ्या. लोगोचे हक्कही कागदावर त्यांच्या नावे करा. कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 नुसार करारात मुदत लिहिली नाही तर हस्तांतर 5 वर्षांपुरतं धरलं जातं, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारतापुरतं. दुबईला पेट्या पाठवायचा विचार असेल तर ही ओळ विसरू नका.

जून उजाडला की वेबसाइट बंद करू नका. 'पेटी घ्या'च्या जागी 'सीझन संपला, पुढच्या वर्षी पहिला तोडा निघाला की कळवू' असं लिहा आणि नंबर लिहायला एक चौकट ठेवा. मार्चमध्ये पहिला मेसेज याच यादीला जातो.