पेरॉक्साइडची ट्रायल लावायच्या आधी एवढं बघून घ्या

सोलापुरात टॉवेल ब्लीच करायला जे हायड्रोजन पेरॉक्साइड कॅननं येतं ते बहुतेक सगळं अँथ्राक्विनोन प्रोसेसचं, म्हणजे हायड्रोजन गॅस, पॅलेडियम, सगळा पसारा. आपल्याला तेच पाणी, ऑक्सिजन आणि उजेडावर करायचंय, त्यामुळं तयारीत ढिलाई केली की आकडे काहीही येतात.

बीकर, मॅग्नेट, सिरिंज सांगत बसत नाही. काचसामान मात्र डायल्यूट नायट्रिक अ‍ॅसिडनं धुवा, लोखंडाचा अंश जरी राहिला तरी पेरॉक्साइड फुटतं. नळाच्या पाण्याचा विचारही नको.

आपला उत्प्रेरक कार्बन नायट्राइड, म्हणजे उजेड शोषून पेरॉक्साइड बनवणारी पावडर. त्याला मेलामाइन, झाकणाचं क्रुसिबल, ५५० अंश, चार तास. झाकण नीट नसेल तर माल उडून जातो आणि तळाशी चिमूटभर पिवळी पावडर उरते. युरिया घेतला तर पृष्ठभाग जास्त मिळतो पण माल फारच थोडा, वर अमोनियाचा वास मजलाभर. मध्येच लाईट गेली तर ती बॅच बाजूला काढा, दुसरीशी कंपेअर करू नका.

आता मेन गोष्ट. विघटनाची ट्रायल. परत सांगतो, विघटनाची ट्रायल. उत्प्रेरक पेरॉक्साइड बनवतो तसा मोडतोही, आपण मोजतो ते फक्त उरलेलं. मागच्या वेळी मी ही लावलीच नाही, नवीन सॅम्पलचा आकडा कमी आला म्हणून ते टाकाऊ ठरवून मोकळा झालो, नंतर बघतो तर ते बनवत होतं जुन्यापेक्षा जोरात, फक्त मोडतही तसंच होतं. दोन्हीची औषधं वेगळी की ओ! बनणं कमी असेल तर उजेड जास्त शोषला जाईल, उजेडानं सुटलेला इलेक्ट्रॉन आणि त्याची रिकामी जागा (होल) लगेच परत भेटणार नाहीत असं काहीतरी करायचं. मोडणं जास्त असेल तर पृष्ठभाग बदलायचा, तयार झालेलं तिथं चिकटून राहायला नको. ग्राफ आधी सरळ चढून मग आडवा झाला की पहिला संशय मोडण्यावरच घ्या.

करायचं काय, तर एक मिलीमोलर पेरॉक्साइड, तेवढाच उत्प्रेरक, तोच लॅम्प, नायट्रोजन आत सोडून ऑक्सिजन हाकलायचा आणि दर पंधरा मिनिटांनी सॅम्पल काढायचं. हेच अंधारातही. बाटलीवर ३० टक्के लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नका, उघडून ठेवलेल्याची ताकद उतरते, त्याच दिवशी परमँगनेटनं टायट्रेट करा. नायट्रोजनचा सिलेंडर आदल्या दिवशीच बघून ठेवा, नाहीतर हीच ट्रायल "उद्या करू" म्हणून राहते, आणि राहतेच.

पेरॉक्साइड मोजायचं पोटॅशियम आयोडाइड ताजं, ब्राऊन बाटलीत. हवा-उजेडानं पिवळं पडलेलं वापरलं तर काहीच न बनता रीडिंग येतं, म्हणून ब्लँक (पेरॉक्साइड नसलेलं सॅम्पल) घ्याच. सॅम्पल आधी फिल्टर, मग आयोडाइड, मग ३५० नॅनोमीटरला रीडिंग. पावडर राहिली तर ती उजेड विखुरते. आयसोप्रोपेनॉल (होल खाऊन टाकणारं अल्कोहोल) टाकून आकडा फुगतो, ठीक आहे, पण तसं लिहा आणि नुसत्या पाण्यातलाही द्या.

एप्रिल-मे मध्ये वॉटर जॅकेटशिवाय लॅम्प लावू नका, खोलीच चाळिशीला टेकलेली असते. गच्चीवर उन्हात करायचं तर जुनं-नवीन सॅम्पल शेजारी शेजारी, एकाच वेळी.

बाकी एक्सआरडी (स्फटिकरचना), बीईटी (पृष्ठभागाचं मोजमाप) नेहमीचंच, नंबर आधी लावा. वापरलेली पावडर धुऊन ६० अंशांना सुकवा, परत वापरून बघा, आणि त्या पावडरवरही विघटनाची ट्रायल लावा.