ऑनलाईन फायटिंग गेममध्ये सारखं हरून डोकं फिरत असेल तर काय करायचं

मागच्या डिसेंबरातली गोष्ट आहे. हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं, थ्री फेजची लाईन रात्री १२ ला येणार होती, तोवर जागं राहायचं म्हणून मी स्ट्रीट फायटर ६ लावून बसलो आणि ११ वाजेपर्यंत सलग नऊ सेट हरलो. शेवटच्या सेटला समोरच्याच्या केननं (केन हे गेममधलं एक कॅरेक्टर) मला कोपऱ्यात धरून तेच केलं जे तो पहिल्या राऊंडपासून करत होता, आणि मी कंट्रोलर खाटेच्या गातावर आपटला. डाव्या स्टिकची टोपी फुटून खाली पडली. आई पलीकडच्या खोलीतून ओरडली, "काहून रे, काय फोडून राह्यला इतक्या रात्री?" मी काहीच बोललो नाही. बॅटरी घेऊन वावरात गेलो, स्प्रिंकलरचे पाईप जोडले, पण दोन वाजेपर्यंत डोक्यात तो केनच फिरून राहिला होता. तिथं उभ्या उभ्या एक गोष्ट कळली, हरण्याचा राग तर पाच मिनिटात उतरतो, पण आपण कशानं हरलो हे सांगताच येत नसलं की तो राग झोपू देत नाही.

म्हणून खाली जे सांगतो ते सगळं त्याच एका गोष्टीसाठी आहे, कशानं हरलो ते शोधायचं. मी आमच्या यवतमाळकडच्या दिग्रस-आर्णी पट्ट्यातल्या गावात बसून खेळतो, इथं आजूबाजूला हे गेम खेळणारं कोणी नाही, नेट कधी चांगलं कधी वाईट, लाईटचा भरोसा नाही. त्यामुळं शहरातल्या पोट्ट्यांना लागू होणारा सल्ला आपल्याला जसाच्या तसा लागू होत नाही.

सगळ्यात आधी नेट बघा, कारण अर्धा राग तिथंच असते. हे गेम सेकंदाला ६० फ्रेमनं (चित्रांनी) चालतात, म्हणजे एक फ्रेम जवळपास १६.६७ मिलिसेकंदाची. आपल्याकडं शंकरपटात बैलांची जोडी सेकंदाच्या शंभराव्या भागानं मागं राहते ना, तसाच बारीक हिशोब आहे हा. आताच्या गेममध्ये रोलबॅक असतो, २००६ च्या सुमारास टोनी कॅनन यांनी जीजीपीओ म्हणून जे बनवलं त्याच पद्धतीचा. त्यात काय होते की समोरच्यानं दाबलेलं बटन तुमच्यापर्यंत पोचायच्या आधी गेम थांबून राहत नाही, तो अंदाज लावतो की गडी आत्ता जे करत होता तेच करत असेल, आणि खरी माहिती आल्यावर अंदाज चुकलेला निघाला तर तेवढ्या फ्रेम मागं जाऊन परत हिशोब करतो. म्हणून मधीच माणूस इथून उडून एकदम तिथं दिसते. पिंग (माहिती जाऊन परत यायला लागणारे मिलिसेकंद) ८० असून एकसारखा असेल तर खेळता येते, पण ४० चा मधूनच १५० होत असेल तर गेमचा अंदाज सारखा चुकत राहणार, आणि वायफायवर नेमकं हेच होते. मी राऊटरपासून खोलीपर्यंत २० मीटरची लॅन केबल आढ्यावरून ओढून आणली, पैसे थोडेच लागले आणि फरक त्याच दिवशी दिसला. ज्यांच्याकडं फायबर नाही, फोनच्याच नेटवर खेळावं लागते, त्यांनी हॉटस्पॉट न लावता फोन यूएसबी केबलनं पीसीला जोडून टेदरिंग करा, आणि फोन जिथं रेंज चांगली येते त्या खिडकीत ठेवा. एक वायरलेस टप्पा तरी कमी होते.

राऊटरला छोटा यूपीएस पण घ्या जमलं तर. लाईट गेली की आपण मॅचमधून बाहेर, आणि समोरच्याला वाटते हा हरत होता म्हणून पळाला. मला हे फार लागते, कारण मी आजवर एकदाही मुद्दाम सोडून गेलो नाही.

मॅच सुरू व्हायच्या आधी समोरच्याच्या नेटच्या कांड्या दिसतात, तो वायफायवर आहे की केबलवर तेही दिसते, कमी कांड्या असल्या तर नाही म्हणा. पण रात्री उशिरा खेळायला बसलं की चांगल्या कांड्यांचा माणूसच मिळत नाही कधी कधी, मग खेळायचंच असेल तर आधीच मनाशी ठरवून टाका की या सेटचा निकाल धरायचा नाही, यात फक्त कॉम्बो (एकामागं एक जोडलेले फटके) हातात बसवायचा. हे खेळायच्या आधी ठरवायचं बरं का, हरल्यावर नाही. केबल लावल्यावर आणि कांड्या बघून मॅच घेतल्यावर मात्र लॅगच्या नावानं बोंबलायचं बंद करा.

आता थांबायचं कधी. माझा नियम असा आहे की सलग दोन सेट असे हरलो ज्यात मला कारण सांगता आलं नाही, तर रँक्ड (पॉईंटच्या मॅच) बंद. कारण सांगता येत असेल तर पाच हरलो तरी चालते, खेळत राहतो. डोकं तापलं हे मनाला उशिरा कळते पण हाताला लवकर कळते, त्यामुळं हाताकडं लक्ष ठेवा. माझं काय होते की मी जास्त उड्या मारायला लागतो, खाली पडून उठलो की प्रत्येक वेळी शोर्युकेनच (वर उडून मारायचा पंच) काढतो, आणि समोरच्याची वाट न बघता बटनं दाबत राहतो. रीमॅचचं बटन पण मी मग निकाल पूर्ण दिसायच्या आधीच दाबून टाकतो. तुमच्या हाताच्या अशा दोन-तीन खुणा शोधून ठेवा. खूण दिसली की कंट्रोलर खाली, उठायचं, माठातलं पाणी प्यायचं, अंगणात एक चक्कर मारायची. फोन नाही घ्यायचा हातात, फोनमध्ये परत त्याच गेमचे व्हिडिओ येतात आणि डोकं तिथंच राहते.

मग वही. माझ्याकडं खत-फवारणीचा हिशोब लिहायची वही आहे, तिच्याच मागच्या पानांवर मी हे लिहितो. दिवसाला फक्त एकच हरलेली मॅच रीप्लेमध्ये बघायची, जास्त नाही, जास्त बघितलं की कंटाळा येते आणि दुसऱ्या दिवशी कोणी बघत नाही. रीप्ले लावा आणि आपल्याला मार कशाकशानं पडला त्याच्या रेघा मारा, उडी मारून आला एक रेघ, थ्रो केला (धरून फेकलं) एक रेघ, ड्राईव्ह इम्पॅक्ट (आपला मार झेलत येणारा मोठा फटका) एक रेघ, आपणच काहीतरी मोठं मारलं, ते चुकलं आणि त्यावर मार खाल्ला त्याची एक रेघ. मी त्या डिसेंबरातल्या केनचा रीप्ले दुसऱ्या दिवशी दुपारी बघितला. मला वाटत होतं त्यानं मला पंधरा तऱ्हेनं मारलं. रेघा मोजल्या तर सात वेळा उडी आणि चार वेळा ड्राईव्ह इम्पॅक्ट, बाकी किरकोळ. म्हणजे त्याच्याकडं दोनच गोष्टी होत्या आणि माझ्याकडं त्या दोन्हीचं उत्तर नव्हतं! त्याच्यावरचा राग तिथंच उतरला, कारण आता काय शिकायचं ते समोर लिहिलेलं होतं.

यातला ड्राईव्ह इम्पॅक्ट घ्या उदाहरणाला, कारण नवीन माणूस यावरच सगळ्यात जास्त चिडते. तो लागायला २६ फ्रेम घेतो, म्हणजे साधारण ४३० मिलिसेकंद, आणि तेवढ्यात तुमचे दोन फटके तो अंगावर झेलून पुढं येतो. माणसाला डोळ्यानं बघून बटन दाबायला साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतात, म्हणजे बघून आपला ड्राईव्ह इम्पॅक्ट उलटा मारायला वेळ आहे. पण तो वेळ तेव्हाच आहे जेव्हा तुमचे डोळे समोरच्याच्या अंगावर असतील. मी माझ्याच माणसाकडं बघत होतो, माझा कॉम्बो नीट निघतो का ते. तर ट्रेनिंग मोडमध्ये जा, डमीची (सरावाला समोर उभ्या कॅरेक्टरची) हालचाल रेकॉर्ड करा, एका स्लॉटमध्ये ड्राईव्ह इम्पॅक्ट, दुसऱ्यात साधा पंच, तिसऱ्यात पुढं चालत येणं, आणि तिन्ही रँडम लावा. आता फक्त ड्राईव्ह इम्पॅक्ट दिसला तरच उलटा मारायचा, बाकीवर हात हलवायचा नाही. रोज १५ मिनिटं, गेमचा आवाज चालू ठेवून, कारण त्याचा आवाज पण वेगळा येते. उडीचं पण असंच आहे, बहुतेकांची पूर्ण उडी पाऊण सेकंदाच्या आसपास असते, वेळ भरपूर असते, आपण फक्त तिची वाट बघत नसतो. मी र्‍यू खेळतो, त्याचा खाली बसून मारायचा हेवी पंच उडीवर लागतो, बस तेवढंच मी तीन आठवडे केलं. टेकन ८ या दुसऱ्या फायटिंग गेममध्ये रीप्ले मधीच थांबवून तिथून स्वतः खेळून बघता येते, जिथं मार खाल्ला तिथंच दुसरं काय करता आलं असतं ते.

या तीन आठवड्यात माझे पॉईंट कमी झाले, वाढले नाही. हे सांगणं महत्त्वाचं आहे, कारण बरेच जण इथंच सोडून देतात. नवीन गोष्ट शिकताना जुनी विस्कटते, डोकं उडीची वाट बघते आणि पायाखालचा मार दिसत नाही. म्हणून रँक हे रोजचं माप धरू नका. रँक म्हणजे कापसाचा भाव आहे, आज काय निघेल ते आपल्या हातात नाही, निंदण आणि डवरणी आपल्या हातात आहे. मी वहीत एवढंच लिहायचो की समोरचा दहा वेळा उडला त्यात मी किती वेळा खाली पाडला. पहिल्या आठवड्यात दोन, तिसऱ्या आठवड्यात सहा. सेट हरलो तरी सहा आकडा दिसला की बरं वाटते, आणि हे मनाचं समाधान नाही, खरंच शिकलेलं असते ते. शिवाय मॅचमेकिंग तुम्हाला तुमच्याच बरोबरीचा माणूस देते, म्हणजे एकदा तुमची जागा ठरली की जवळपास अर्ध्या मॅच तुम्ही हरणारच, तुम्ही सुधारले की समोरचा पण वरचा येते. स्ट्रीट फायटर ६ मध्ये मास्टर या वरच्या रँकला २५,००० पॉईंट लागतात, तिथं पोचल्यावर खाली पडत नाही, पण तिथं पण १५०० पासून दुसरं मोजमाप सुरू होतेच.

जपानचे खेळाडू डायगो उमेहारा यांची २००४ च्या इव्होची (फायटिंग गेमची मोठी स्पर्धा) ती क्लिप खूप जणांनी बघितली असेल, रेघेएवढं आयुष्य उरलेलं असताना जस्टिन वाँगच्या चुन-ली या कॅरेक्टरच्या सुपरचे (सगळ्यात मोठ्या हल्ल्याचे) सगळे फटके पॅरी करतात, म्हणजे ऐन वेळी परतवून लावतात, ती. पण त्यानंतरचा फायनल ते केंजी ओबाता यांच्याकडून हरले हे फार जणांना माहीत नसते. मी ते वाचलं तेव्हा मला फार धीर आला.

आणि एकटे खेळू नका. हे मी सगळ्यात जास्त मनापासून सांगतो. लाहोरचे अर्सलान अ‍ॅश २०१९ मध्ये आधी जपानचा इव्हो आणि मग अमेरिकेतला इव्हो जिंकले टेकन ७ मध्ये, तोवर पाकिस्तानच्या खेळाडूंकडं कोणाचं लक्षच नव्हतं. ते एकमेकांच्या शेजारी बसून, एकमेकांना हरवून तयार झाले होते, इतके की कोरियाचे 'नी' (Knee) या नावानं खेळणारे यांच्यासारखे नावाजलेले खेळाडू त्यांच्याशी खेळायला तिकडं गेले. आपल्याकडं तशी खोली नाही, पण एक माणूस तर मिळते. मी माझ्या मावसभावाला शिकवलं, त्यानं आधी व्हिडिओ गेम पार्लरमध्ये टेकन ३ खेळलेला होता फक्त. दर रविवारी आम्ही दहा विजयांचा सेट खेळतो, पॉईंट नाही, काही नाही. दहाच्या सेटमध्ये गंमत अशी की एकच युक्ती दहा वेळा चालत नाही, दोघांनाही दुसरं काहीतरी शोधावंच लागते, आणि मार खाल्ल्यावर लगेच विचारता येते, "हे कसं केलं बे तू?" तो दाखवते. ऑनलाईन अनोळखी माणूस असं दाखवत नाही, उलट कधी कधी मॅच झाल्यावर शिव्या पाठवते, तर मेसेज सेटिंगमधून बंदच करून टाका आणि आपण पण कोणाला पाठवू नका.

सोयाबीन काढणी आणि कापूस वेचणीच्या दिवसात मी खेळतच नाही. दिवसभर पऱ्हाटीत बोंडं वेचून बोटांची टोकं अशी सोललेली असतात की बटनावर ठेवली तरी आग होते, त्या बोटांनी रँक्ड खेळून हरलं आणि चिडलं तर त्यात चूक कोणाची? दोन महिने सुटले तरी सुटू द्या. परत आल्यावर पहिले तीन दिवस फक्त ट्रेनिंग आणि कॅज्युअल, मग रँक्ड. अंगठा किंवा मनगट दुखायला लागलं तर तेव्हाच बंद करा, दुखऱ्या हातानं फवारणीचा पंप पण मारायचा असते आपल्याला.

वही आज रात्रीच काढा. पहिल्या पानावर चारच रकाने पाडा, उडी, थ्रो, ड्राईव्ह इम्पॅक्ट आणि चुकलेला फटका, आणि शेवटच्या हरलेल्या मॅचच्या रेघा मारा. माझा थ्रोचा रकाना सध्या सगळ्यात लांब आहे, या महिन्यात तोच चालू आहे.