गाडीसाठी हायड्रोजन जनरेटर बनवताय? डबा निवडताना या चुका टाळा

घरी एचएचओ जनरेटर, म्हणजे विजेने पाणी फोडून हायड्रोजन-ऑक्सिजनचा वायू देणारं उपकरण, बनवताना सगळं लक्ष आतल्या धातूच्या प्लेटांवर जातं आणि डबा म्हणून हाताला लागेल ती बरणी घेतली जाते. त्या डब्याला मात्र तीन गोष्टी एकाच वेळी सोसायच्या असतात: कॉस्टिक पोटॅशचं (पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं, पुढे नुसतं ‘कॉस्टिक’) द्रावण, तासन्‌तास टिकणारी उष्णता आणि आतला वायू पेटलाच तर बसणारा दणका. पहिल्या कसोटीला उतरणारे पदार्थ पुष्कळ आहेत. दुसरीत त्यांतले बरेच गळतात. तिसरीचा विचार बहुतेक वेळा होतच नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट असू द्या. अशा जनरेटरने मायलेज वाढत नाही. वीज अल्टरनेटरची, अल्टरनेटर फिरवणार इंजिन, आणि दर टप्प्यावर घट. वायू जाळून जेवढी ऊर्जा परत मिळते त्यापेक्षा जास्त इंधन तो बनवण्यात खर्च होतं. प्रयोग म्हणून करायचं असेल तर मोकळ्या हवेत, टेबलावर करा.

काचेची बरणी

ही सर्वांत धोकादायक निवड. कॉस्टिकमुळे काच हळूहळू झिजते, पण मोठी भीती वेगळी आहे. या वायूत हायड्रोजन आणि ऑक्सिजन २:१ प्रमाणात असतात, म्हणजे पूर्ण जळायला लागतं नेमकं तेच मिश्रण. हवेत मिसळलेल्या हायड्रोजनला पेटायला सुमारे ०.०२ मिलिज्यूल ऊर्जा पुरते. ऑक्सिजनसोबत त्याहूनही कमी. बंद भांड्यात तो पेटला की दाब क्षणात आठ-दहा पट होतो आणि स्फोटलहर तयार झाली तर आणखी चढतो. काच फुटून उडते आणि तिच्याबरोबर कॉस्टिकही. डोळ्यांत गेलेलं कॉस्टिक कायमची इजा करतं. बबलरलाही (जनरेटरमधला वायू ज्या पाण्याच्या भांड्यातून पुढे जातो त्यालाही) हाच नियम लावा, कारण उलटी आलेली ज्वाला आधी तिथेच पोहोचते.

भांडं कशाचंही असो, द्रावणावरची रिकामी जागा कमीत कमी ठेवा. पेटणारा वायू तिथेच साठलेला असतो. झाकण असं बसवा, की दाब वाढल्यावर डबा फुटण्याआधी ते उचकटून निघेल.

ॲल्युमिनियम आणि जस्ताचा मुलामा

ॲल्युमिनियमचा डबा हलका, स्वस्त आणि अगदी चुकीचा. कॉस्टिकमध्ये ॲल्युमिनियम विरघळतं आणि विरघळताना हायड्रोजन सोडतं. म्हणजे स्विच बंद असतानाही, गाडी उभी असतानाही, आत वायू तयार होत राहतो. गॅल्व्हनाइज्ड पत्र्याचं तेच, कारण जस्तही कॉस्टिकमध्ये विरघळतं. झाकण, नट, वॉशर, लेव्हलचा फ्लोट यांपैकी एकही भाग या धातूंचा नको.

स्टीलचा डबा

स्टेनलेस कॉस्टिकला पुरून उरतं, पण ते वीजवाहक आहे. डबा चासीला टेकला की तो बॅटरीच्या निगेटिव्हला जोडला गेला. मग प्लेटांऐवजी प्लेट आणि डब्याची भिंत यांच्यात करंट वाहतो, आणि पॉझिटिव्हची तार आत कुठे टेकली तर ठिणगी थेट वायूत पडते. शिवाय मजबूत धातूचा डबा दाब जास्त वेळ धरून ठेवतो आणि फुटतो तेव्हा जास्त जोरात फुटतो. स्टील प्लेटांपुरतंच ठेवा.

उष्णतेचा हिशेब न करता प्लास्टिक घेणं

सर्वांत जास्त डबे याच चुकीने जातात. शेजारच्या दोन प्लेटा मिळून एक सेल होतो. जादा उष्णता न होता पाणी फुटायला प्रत्येक सेलला साधारण १.४८ व्होल्ट पुरतात. त्यावरचा प्रत्येक व्होल्ट पाणी तापवतो.

दोनच प्लेटा १३.८ व्होल्टवर लावल्या आणि २० अँपिअर वाहू दिले, तर २७६ वॉटपैकी जवळपास २४६ वॉट नुसती उष्णता होते. एक लिटर पाणी त्याने मिनिटाला साडेतीन अंशांनी तापतं. ३० अंशांवर सुरू केलेला डबा नऊ मिनिटांच्या आत ६० वर. वायू मात्र मिनिटाला ०.२ लिटरच्या आसपासच.

त्याऐवजी सात प्लेटा घ्या, मधल्या पाच न्यूट्रल, म्हणजे तार न जोडलेल्या. मालिकेत सहा सेल होतात आणि प्रत्येकाला २.३ व्होल्ट मिळतात. त्याच २० अँपिअरला उष्णता ९८ वॉटवर येते आणि वायू सव्वा लिटरच्या जवळ जातो. म्हणून डबा वितळतोय अशी तक्रार असेल तर डबा बदलण्याआधी सेल मोजा.

आता प्लास्टिक. पीव्हीसी कॉस्टिकला उत्तम, पण ६० अंशांच्या पुढे मऊ पडतं. पीव्हीसीच्या पाइपात वायूचा दाब कोंडला आणि तो फुटला तर धारदार कपच्या उडतात, हेही लक्षात ठेवा. ॲक्रिलिक पारदर्शक असल्याने मोहात पाडतं. ८० अंशांच्या आसपास ते मऊ व्हायला लागतं आणि अल्कोहोलने पुसलं तर भोकांच्या कडेने बारीक भेगांचं जाळं धरतं. पॉलिकार्बोनेट दणकट असलं तरी कॉस्टिक त्याला खातं: आधी पांढुरकं होतं, मग तडकतं. पाण्याच्या पेट बाटलीचीही तीच गत, म्हणून ती बबलरलाही चालत नाही; वायूबरोबर कॉस्टिकचे तुषार तिथवर येतात. एचडीपीई (एक प्रकारचं पॉलिथिन) कॉस्टिकला चांगलं, पण गरम झालं की फुगतं आणि बोल्टखाली दबत जातं.

राहतं पॉलिप्रोपिलीन. कॉस्टिकचा त्यावर परिणाम होत नाही आणि दाब नसेल तर ८०-९० अंशांनाही आकार टिकतो. रंग न घातलेलं, दुधी घ्या. द्रावणाची पातळी बाहेरून दिसते, वेगळी नळी लावावी लागत नाही. भिंत किमान ५ मिलिमीटर हवी.

तळावरचा त्रिकोणी आकडा पाहा: ५ म्हणजे पॉलिप्रोपिलीन, २ म्हणजे एचडीपीई, १ म्हणजे पेट, ३ म्हणजे पीव्हीसी. ७ मध्ये काहीही असू शकतं, तो डबा नको. आकडाच नसेल तर कडेची नखाएवढी कपची कापून साबणाचा थेंब टाकलेल्या पाण्यात बुडवा. पॉलिप्रोपिलीन आणि एचडीपीई वर येतात. पीव्हीसी, ॲक्रिलिक, पॉलिकार्बोनेट आणि पेट तळाशी बसतात. साबण यासाठी, की कपचीला बुडबुडा चिकटला तर जड प्लास्टिकही तरंगतं आणि फसवतं.

डबा बरोबर, जोड चुकीचे

पॉलिप्रोपिलीनला गोंद किंवा इपॉक्सी धरत नाही. आज घट्ट वाटलेला जोड तापला की सालपटासारखा निघतो. प्लास्टिक वेल्डिंग करा, किंवा दोन्ही बाजूंनी नट असलेलं फिटिंग ईपीडीएम रबराच्या वॉशरवर बसवा. व्हायटन रबर महाग असलं तरी कॉस्टिकमध्ये टिकत नाही आणि गरम कॉस्टिकमध्ये सिलिकॉनही बिघडत जातं. पितळी फिटिंग आणि पितळी वन-वे व्हॉल्व्हही टाळा. त्यातलं जस्त झिजून निघतं. आट्यांवर टेफ्लॉन टेप चालते.

प्लेटांचा बोल्ट झाकणातून बाहेर येतो तिथे जास्त काळजी घ्या. तापलेलं प्लास्टिक दबतं, नट सैल होतो आणि सैल जोडाचा रोध ०.०५ ओहम झाला तरी २० अँपिअरला तिथे २० वॉट उष्णता तयार होते. प्लास्टिक आणखी मऊ, जोड आणखी सैल, शेवटी ठिणगी. एम-८ चा स्टेनलेस बोल्ट, रुंद वॉशर आणि दोन नट वापरा. पहिल्यांदा तापून थंड झाल्यावर नट पुन्हा आवळा. द्रावणाच्या वर, वायूच्या जागेत, एकही विद्युत जोड ठेवू नका.

चाचणी

कॉस्टिक घालण्याआधी डब्यात ७० अंशांचं पाणी भरा, झाकण लावा, तासभर ठेवा. तळ फुगला, झाकण वाकलं किंवा वॉशरपाशी ओल दिसली तर तो डबा बाद. गळती तपासताना डबा काठोकाठ पाण्याने भरून मगच हलका दाब द्या. रिकाम्या डब्यात हवा कोंडू नका. द्रावण बनवताना पोटॅश पाण्यात घाला, उलट नाही, आणि थोडं थोडं घाला. विरघळताना ते खूप तापतं, त्यामुळे पातळ बाटलीत कालवू नका. चष्मा आणि रबरी हातमोजे घातल्याशिवाय हात लावू नका.

काय दिसलं तर काय समजायचं

फिटिंगभोवती पांढरी पूड जमली तर द्रावण झिरपतंय. कॉस्टिक पोटॅश हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून पोटॅशियम कार्बोनेट बनतं. फेस नळीपर्यंत चढत असेल तर डबा नीट धुतलेला नाही, आत तेल किंवा साबण राहिला आहे. द्रावण पिवळं पडलं तर दोष डब्याचा नाही: पॉझिटिव्ह प्लेटेतलं क्रोमियम सुटतंय. मीठ किंवा खाण्याचा सोडा वापरला तर हे लवकर होतं आणि मिठाने क्लोरिनही निघतो. असं पिवळं पाणी कर्करोगकारक असतं. ते मोरीत किंवा जमिनीवर ओतू नका. झाकणाच्या प्लास्टिक कॅनमध्ये भरून, वर नाव लिहून, घातक कचरा घेणाऱ्यांकडेच द्या.