मोफत ऑनलाइन व्यासपीठ निवडताना: गच्चीवरील बागेच्या समूहाचे उदाहरण

ऑनलाइन समूह काढायचे ठरले की बहुतेक जण आधी व्हॉट्सॲपचा ग्रुप सुरू करतात आणि अडचणी वाढल्यावर दुसऱ्या जागेचा शोध घेतात. माझ्या मते जागेचा विचार आधी व्हायला हवा. पैसे न मोजता मिळणारी व्यासपीठे भरपूर आहेत, त्यामुळे ‘मोफत’ या एका निकषावर निवड होऊच शकत नाही. सदस्यांनी लिहिलेले वर्षभरानंतर सापडेल का आणि जागा सोडायची वेळ आली तर ते सोबत नेता येईल का, हे दोन प्रश्न मी सर्वांत आधी विचारतो.

गच्चीवर बाग करणाऱ्यांचा समूह घेऊ. जास्वंदीच्या शेंड्यांवर कापसासारखी पिठ्या ढेकूण ही कीड दिसते आणि एखादी सदस्य त्याचा फोटो टाकते. मग एखादे अनुभवी काका निंबोळी तेल पाण्यात मिसळण्यासाठी साबण का लागतो, फवारणी उन्हात का करू नये आणि पानांची खालची बाजू का चुकवू नये, हे सविस्तर लिहितात. व्हॉट्सॲपवर हे उत्तर दोन दिवसांत सुप्रभात आणि वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या गर्दीत हरवते. पुढच्या महिन्यात आलेल्या सदस्याला जुनी चर्चा आपोआप दिसत नाही, म्हणून तोच प्रश्न पुन्हा विचारला जातो. चार वेळा तेच सांगून झाल्यावर काका उत्तर देणे थांबवतात, आणि समूहाचे खरे नुकसान तिथे होते.

शिवाय व्हॉट्सॲपच्या नेहमीच्या ग्रुपमध्ये प्रत्येकाचा मोबाइल क्रमांक इतरांना दिसतो. अनोळखी लोकांच्या समूहात अनेक स्त्रियांना हे नको असते, आणि ती हरकत रास्तच आहे. एका ग्रुपमध्ये १,०२४ सदस्य सामावतात, पण मर्यादा आड येण्याच्या कितीतरी आधी गोंगाट असह्य होतो. रोपांचे वाटप किंवा रविवारच्या भेटीची सूचना देण्यासाठी मात्र व्हॉट्सॲपइतके सोयीचे दुसरे काही नाही, तेव्हा ते सूचनाफलक म्हणून जरूर ठेवावे.

चर्चेसाठी टेलिग्राम पुष्कळ बरे पडते. तिथे क्रमांक लपवता येतो, नव्या सदस्याला जुने संदेश दाखवण्याची सोय आहे, कीड, खत, बियाणे असे विषय वेगळे ठेवता येतात आणि संगणकावरील ॲपमधून संपूर्ण संवाद उतरवून घेता येतो. सार्वजनिक ग्रुपमध्ये जाहिरातबाज खाती शिरतात, त्यांच्यावर मात्र रोज लक्ष ठेवावे लागते. डिस्कॉर्डमध्ये विषयांची मांडणी आणि सदस्यांचे अधिकार अधिक बारकाईने ठरवता येतात, परंतु सगळा ‘सर्व्हर’ (तिथल्या समूहाला हेच नाव आहे) उतरवून घेण्याची सोय त्यात नाही आणि ज्येष्ठ सदस्य तिथे गोंधळतात. फेसबुक ग्रुप लोकांना सहज सापडतो, पण कोणती पोस्ट कोणाला आधी दिसावी हे बरेचसे फेसबुकच ठरवते. ईमेल नियमित वाचणाऱ्या छोट्या समूहाला गूगल ग्रुप्स आजही पुरते. डिस्कोर्स हे चर्चामंच चालवण्याचे मुक्त सॉफ्टवेअर शोध आणि जतन या दोन्ही बाबतींत उत्तम आहे, पण ते स्वतः चालवायचे तर किमान १ जीबी रॅमचा सर्व्हर भाड्याने घ्यावा लागतो आणि त्याची देखभाल करणारा जाणकारही लागतो. म्हणून सॉफ्टवेअर फुकट असले तरी खर्च टळत नाही.

जतनाचा मुद्दा काल्पनिक नाही. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले आणि याहू ग्रुप्स १५ डिसेंबर २०२० रोजी. समूहांची संकेतस्थळे बनवू देणाऱ्या निंगने २०१० मध्ये मोफत सेवाच काढून टाकली, तर कार्यालयीन गप्पांसाठी वापरल्या जाणाऱ्या स्लॅकने २०२२ पासून मोफत योजनेतील संदेश ९० दिवसांपर्यंतच दाखवायला सुरुवात केली. म्हणून कोणत्याही कंपनीच्या जागेवर बसताना दर तीन महिन्यांनी चर्चेची प्रत काढावी आणि उत्तम उत्तरे एका सामायिक दस्तऐवजात विषयवार नोंदवावीत.

ॲडमिन किमान दोन असावेत, कारण एकाचा फोन हरवला किंवा खाते बंद पडले तर समूह पोरका होतो. ॲडमिन होण्यास लोक कायद्याच्या भीतीने कचरतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे की, समान हेतू किंवा पूर्वनियोजन दिसत नसेल तर सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी व्हॉट्सॲप ग्रुपच्या ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही. तरीही नियम पहिल्याच दिवशी लिहून वर पिन करावेत.

निश्चित करण्यापूर्वी दहा-बारा सदस्यांसह महिनाभर चाचणी घ्यावी आणि त्यांत मोबाइल जेमतेम वापरणारे दोघे-तिघे असावेत. महिन्याअखेरीस त्यांनाच पिठ्या ढेकणावरचे जुने उत्तर शोधायला सांगावे. कोणाच्या मदतीशिवाय ते त्यांना मिळाले, तर उरलेल्या सदस्यांना बोलावण्यास हरकत नाही.